मागच्या सीटवरचे सत्तारचाचा

जुनी गाडी घ्यायची असली की अंबाजोगाईतली माणसं दोन ठिकाणी जायची. आधी एजंटाकडं, आणि मग एजंटाला कळू न देता सत्तारचाचांकडं.

चाचांचं गॅरेज नव्हतं. परळी रोडला एका टायरच्या दुकानाबाहेर एसटीची जुनी सीट टाकलेली होती, तिच्यावर ते सकाळी दहापासून बसलेले असायचे. सरकारी वर्कशॉपमध्ये जीपगाड्या दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाना हातात धरला नाही. गाडी दुरुस्त करत नव्हते, फक्त बघून सांगायचे. घ्या, किंवा नका घेऊ. त्यातही फोर बाय फोर, चारी चाकांवर ओढणारी गाडी असली तर त्यांच्याइतकं कळणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नाही असं लोक म्हणत. गेवराईपासून, पार उमापूरपासून माणसं त्यांना न्यायला यायची.

अंगानं काटकुळे, पांढरा पायजमा, गुडघ्यापर्यंत सदरा आणि त्याच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक. गाडीच्या पत्र्यावरून ते रुमालासकट हळूहळू फिरवत न्यायचे. जिथं चिकटणार नाही तिथं आत पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरून वर रंग मारलाय. त्या जागी ते बोटानं दोनदा टकटक करायचे आणि पुढं जायचे. विकणाऱ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. नखं मात्र कायम स्वच्छ. एवढी वर्षं ग्रीसमध्ये काढलेल्या माणसाचे हात इतके गोरेगोमटे कसे, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, "घरात भाकरी मीच थापतो ना आता."

गाडीला ते कंपनीच्या नावानं ओळखत नसत. "ती मास्तरची," "ती ठेकेदाराची," असं म्हणायचे. गाडीत माणूस उरतो, असं त्यांना वाटायचं. क्लचच्या पेडलचं रबर झिजलेलं असलं तर मालक घाईचा. खिडकीच्या कडेला डाव्या बाजूनं तेलाचा डाग असला तर शेजारी बसणारी बाई डोकं टेकून झोपायची. एकदा एका गाडीत ते डोकावले. ड्रायव्हरची सीट पार खचलेली, शेजारची मात्र शोरूममधून आल्यासारखी. "ह्याच्या शेजारी कोनी बसलंच न्हाई," म्हणाले. गाडी उत्तम होती. ती घ्या म्हणून त्यांनी सांगितलंही. पण परत येताना रस्ताभर त्यांचं लक्ष नव्हतं.

आणि सगळ्यात वेगळी सवय म्हणजे, गाडी बघायला गेले की ते ड्रायव्हरच्या जागी आधी कधीच बसायचे नाहीत. चपला बाहेर काढून मागच्या सीटवर बसायचे, दार ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "चला, खड्ड्यातून न्या." दोन-तीन किलोमीटर मागं बसून झालं की मगच बॉनेट उघडायला सांगायचे. एजंट हसायचे. म्हणायचे, चाचाला इंजिन बघायला आणलंय का वरातीला.

माझी-त्यांची ओळख गाडीवरूनच झाली. मी पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून अंबाजोगाईजवळच्या डोंगरातल्या एका दवाखान्यात रुजू झाले होते. बालाघाटाच्या त्या पट्ट्यात वाड्या आणि तांडे असे विखुरलेले की निम्म्या ठिकाणी रस्ता म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र. मोटरसायकलवरून दोनदा पडल्यावर मी ठरवलं, जुनी का होईना, फोर बाय फोर गाडी घ्यायची. दोन गाड्या नजरेत होत्या. परळीला एका ठेकेदाराची डिझेल, आणि अंबाजोगाईतच एका निवृत्त डॉक्टरांची पेट्रोल. पेट्रोलचं नाव काढलं की सगळे मला वेड्यात काढायचे. आमचा कंपाउंडर तर म्हणाला, "मॅडम, डोंगरात पेट्रोलची गाडी? तुमी गाडी घेऊलालाव का पंपवाल्याला पोसूलालाव?"

मग कुणीतरी चाचांचं नाव सांगितलं.

आम्ही आधी परळीला गेलो. गाडी पांढरी होती म्हणे. औष्णिक केंद्राच्या राखेनं तिचा रंग उंदरासारखा झाला होता. चाचांनी जाताक्षणी बॉनेटवर तळहात ठेवला. एजंटाकडं वळून म्हणाले, "उठवून ठेवली व्हय हिला?"

"न्हाई चाचा, आत्ताच जरा हलवली."

"असू द्या. निजू द्या पुन्ना."

आणि आम्ही दोन तास बाजूच्या हॉटेलात बसलो. गरम डिझेल इंजिन कुणाच्याही हातानं चालू होतं, खरं काय ते थंड इंजिन सांगतं, एवढंच ते बोलले. गाडी गार झाल्यावर एजंटानं सेल्फ मारला. एकदा, दोनदा, चौथ्या वेळी ती खोकत उठली आणि मागून पांढरा धूर आला. मला वाटलं, आता नाही म्हणणार. पण चाचा मागं बसले, चक्कर मारून आले, खाली वाकून चारी चाकांकडं जाणारे दांडे हलवून पाहिले आणि म्हणाले, "गाडी चांगली हाय. इंजिनातला हीटर बदलला की धूर जाईल. पर तुमच्यासाठी न्हाई."

"का हो?"

त्यांनी उलट मलाच विचारलं. दिवसाला किती फिरता? मी म्हटलं, कधी चाळीस किलोमीटर, कधी दहासुद्धा नाही. किती वेळा बंद-चालू? प्रत्येक गोठ्यापाशी. सकाळी किती वाजता निघता? म्हैस अडली असली तर पाच वाजताच, थंडी असो की काही असो. एकेका उत्तरावर ते मान हलवत होते. शेवटी विचारलं, "गाडीत बसनार कोन?"

"मी एकटीच."

त्यांनी पुन्हा मान हलवली. मग म्हणाले, "मंग पेट्रोल घ्या. डिझेलला लांबचा रस्ता लागतो. रोज शंभर किलोमीटर पळवा, जलमभर साथ देईल. तुमच्यावानी धा मिनिटं चालवली आन् बंद केली, की आतून काजळी धरती. आन् थंडीत पाच वाजता डोंगरात ती उठली न्हाई, तर धक्का माराय कोन येनार? पेट्रोल दोन घोट जादा पिईल, पर टाकून देनार न्हाई." माझ्याकडं न बघता आणखी एक वाक्य बोलले. "आन् ती डिझेलची घरघर एकट्या मानसाला खाती, डॉक्टरीणबाई."

मी डॉक्टरांची पेट्रोल गाडी घेतली. किल्ली हातात आल्यावर चाचांनी मला एकच गोष्ट बजावली. महिन्यातून एकदा तरी फोर व्हीलचा दांडा टाकायचा आणि चिखलातून नाहीतर वाळूतून गाडी न्यायची. वापरलं नाही तर जाम होतं. मी तो नियम पाळला. त्या दांड्याच्या निमित्तानं महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडंही जायला लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी हैदराबादला दिली होती. ती बोलवायची, हे जायचे नाहीत. कधी मी भाजीची जुडी नेई, कधी कुणी शेतकऱ्यानं दिलेलं दूध. ते घ्यायचे आणि तासाभरानं दुप्पट काहीतरी परत करायचे.

चाचांना खोटं बोलता येत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा त्रास किती होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं ते एका पुढाऱ्याच्या गाडीपायी. गेवराईकडचे मोठे बागाईतदार, पंचायतीच्या राजकारणातले. अंबाजोगाईच्या एका एजंटाकडून त्यांनी डिझेलची एक उंचीपुरी फोर बाय फोर पसंत केली होती. दहा-बारा माणसं घेऊन आले होते. बॉनेटवर हार घालून झाला होता, पेढे वाटून झाले होते. चाचांना बोलावलं ते केवळ चार लोकांत "चाचांनी पास केली" असं म्हणायला. मी त्या दिवशी गाडीचं टायर बदलून घ्यायला तिथं थांबले होते.

चाचा नेहमीसारखे चपला काढून मागं बसले. खड्ड्यातून जाऊन आले. बाहेर आले. पुन्हा आत वाकले आणि मागच्या सीटचा पट्टा धरून ओढायला लागले. वीतभर, हातभर, आपण कधी ओढतच नाही तिथपर्यंत, पार शेवटपर्यंत. पट्ट्याच्या तळाला पिवळ्या गाळाची एक सरळ रेघ होती.

"साहेब, ही गाडी बुडालती," ते म्हणाले. "पुरात म्हना, नदीत म्हना. सीटपतुर पानी व्हतं. वरून धुतली, पर पट्टा आतून कोन धुतो?"

एजंटाचं तोंड उतरलं, पण पुढारी एजंटावर चिडलेच नाहीत. ते चाचांवर चिडले. "चाचा, हार घालून झालाय. आमी काय खुळे हाव व्हय?"

"तुमी खुळे न्हाई, साहेब. गाडी बुडालेली हाय."

"कळलं. बसा तुमी."

आणि ते त्याच गाडीत बसून निघून गेले. दहा-बारा माणसांसमोर हार उतरवण्यापेक्षा बुडालेली गाडी घेणं त्यांना सोपं वाटलं. एजंट मात्र मागं राहिला. चाचांच्या जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तुमाला कावून आमच्या पोटावर पाय द्यायचा असतो? त्यांना घ्यायचीच व्हती ना?" चाचा चपला शोधत होते. कुणाच्या तरी पायानं एक चप्पल गटारीच्या कडेला गेली होती. ती त्यांनी आणली, झटकली आणि घातली.

त्यानंतर एजंट लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. टायरवाल्यानं एके दिवशी एसटीची सीट आत ओढून घेतली. वाईट काही बोलला नाही. म्हणाला, गिऱ्हाइकाला जागा पुरत नाही. चाचांनी दुसऱ्या दिवसापासून घरच्या उंबऱ्यात बसायला सुरुवात केली. लोक तरी यायचेच, पण आता संध्याकाळी, गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल लावून, इकडंतिकडं बघत.

मागं बसण्याचं कारण मला कळलं ते केजच्या एका शिक्षक जोडप्यासाठी गाडी बघून चाचांना माझ्या गाडीतून परत आणताना. बाईंना दिवस गेले होते. त्यांचा नवरा डिझेल घेण्यावर अडून बसला होता आणि चाचा कधी नव्हे ते त्याच्यावर ओरडले. "तिला इचारलंव का? वास सोसतो का? हादरं सोसतात का? तुमी मायलेज बगूलालाव, पोटुशी बाई मागं बसनार हाय!" नवरा गांगरून गेला. त्याला काय, मलाही तो आवाज नवा होता. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "चाचा, आज काय झालं?"

बराच रस्ता गेल्यावर ते बोलायला लागले.

वर्कशॉपमध्ये त्यांचा एक जोडीदार होता, दत्तोबा. एकाच दिवशी नोकरीला लागलेले. एका डब्यात जेवायचे. दत्तोबाची बायको कौसल्या श्रावणात पुरणपोळी करायची तेव्हा एक चवड सत्तारची वेगळी असायची. निवृत्तीला दोघांनी मिळून ठरवलं, एक जुनी फोर बाय फोर घ्यायची आणि डोंगरातल्या वाड्यांची माणसं बाजाराला, दवाखान्याला आणायची-न्यायची. गाडी कोणती, यावर गाडं अडलं. चाचा म्हणायचे डिझेल. दत्तोबा म्हणायचा पेट्रोल. कारण विचारलं की सांगायचा नाही, नुसतं म्हणायचा, "पेट्रोल बरी असती."

"बाजारच्या दिवशी वर्कशॉपसमोर चहाच्या टपरीवर पंधरा-वीस मानसं व्हती," चाचा सांगत होते. "मी सगळ्यांदेखत त्याला म्हनलो, पेट्रोलची गाडी साहेबाच्या बायकोला लागती. तुझी बायको कवापासून राणीसाहेब झाली बे? सगळे हसले. लई हसले. मी पन हसलो. दत्तूनं कप खाली ठिवला आन् गेला. मागं वळून न्हाई बगितलं."

दत्तोबानं मग एकट्यानं एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. चाचांना वाटलं, जिद्दीनं घेतली. वर्षभर दोघं एकाच गावात, दोन गल्ल्या सोडून राहिले आणि एकमेकांशी बोलले नाहीत. चाचांनीही हट्टानं डिझेल गाडी घेतली, चालवली, विकली. वर्षाच्या शेवटी एके दिवशी कळलं की कौसल्या गेली. मयतीला गेले तेव्हा बायांच्या बोलण्यातून ऐकलं. तिच्या पाठीच्या कण्यात गाठ होती. वर्षभर दत्तोबा तिला मागच्या सीटवर आडवं झोपवून उपचाराला नेत होता. डिझेलच्या वासानं तिला उलटी व्हायची, त्या हादऱ्यांनी ती किंचाळायची. आणि कुणाला सांगायचं नाही अशी तिनंच त्याला शपथ घातली होती.

"मयतीत मी लांब हुबा ऱ्हायलो. जवळ जायाचं धाडस झालं न्हाई. म्हनलं, चाळीसाव्याला जाऊ... तेंच्यात तेरावं असतंय ना... तेराव्याला जाऊ. गेलो न्हाई. मंग त्यो लेकीकडं उमापूरला गेला. तवापासून मी आदी मागं बसतो, डॉक्टरीणबाई. मागं झोपलेल्याला किती हादरं बसतात ते बगायला."

याला दहा-अकरा वर्षं झाली होती. मी म्हटलं, आपण उमापूरला जाऊ. ते "बगू" म्हणाले. पुढचे कितीतरी महिने "बगू"च म्हणत राहिले. मी विषय काढला की लोहचुंबक काढून रुमालानं पुसत बसायचे.

मग दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी ते स्वतः माझ्या क्वार्टरच्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत सुरमा, आणि हातात डोंगरातल्या सीताफळांची एक पिशवी. "त्याला लई आवडतात," एवढंच म्हणाले. आम्ही निघालो. केज, बीड, गेवराई असा लांबचा रस्ता. त्या दिवशी मी त्यांना पुढं, माझ्या शेजारी बसवलं. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. मध्येच ओठ हलवत होते. एकदा मी ऐकलं, "दत्तू, मी चुकलो बे... नको. दत्तू, मला म्हाईत नव्हतं... हे पन नको." माझ्याकडं बघून शरमले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कापूस फुटला होता आणि बाया ओळीनं वेचत होत्या.

उमापूरला दत्तोबाच्या लेकीचं घर गावाच्या कडेला, शेतालगत होतं. पडवीत बाजेवर दत्तोबा बसले होते. अंगावर स्वेटर, बाजूला काठी, समोर टीव्ही चालू. चाचा पायरीशी थांबले. दत्तोबांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळख पटताच हात जोडले.

"या या, सत्तारभाई. या. बसा."

चाचा बसले. सीताफळं पुढं केली. "अरे वा," दत्तोबा म्हणाले, "तुमी कशाला तरास घेतला?" लेकीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मग प्रवास कसा झाला, पोरगी हैदराबादलाच आहे ना, गुडघे कसे आहेत, असं एकेक विचारत राहिले. चाचा हो-नाही करत होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पेला खाली ठेवला आणि एकदम म्हणाले, "दत्तू, मी त्या दिवशी टपरीवर जे बोललो..."

"कोनत्या दिवशी?"

"गाडीवरून. पेट्रोल-डिझेलवरून. वयनीबद्दल बोललो मी."

दत्तोबांनी आठवायचा प्रयत्न केला. खरंच आठवत नव्हतं की आठवून घ्यायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. "जाऊ द्या हो," ते म्हणाले. "लई जुनं झालं. ती बी गेली, गाडी बी गेली. माझ्या मनात तुमच्याबद्दल काईच न्हाई."

"शिवी दे मला."

दत्तोबा हसले, पाहुण्याच्या थट्टेला हसावं तसं. "काय सत्तारभाई तुमी पन! चहा घ्या." आणि त्यांची नजर सवयीनं टीव्हीकडं गेली.

आम्ही चहा घेतला. अर्धा तास बसलो असू. निघताना दत्तोबा काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि पुन्हा हात जोडून म्हणाले, "येत जावा." लेकीनं माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी दिली.

गेवराई मागं पडली. मग चाचा समोर बघत म्हणाले, "डॉक्टरीणबाई, त्यो मला तुमी म्हनला."

मी म्हटलं, "हो. मी ऐकलं."

"सारी नोकरी त्यो मला बे म्हनला. साहेबांसमोर पन म्हनायचा. माज्या निकाहात मौलवीसमोर म्हनला." मग म्हणाले, "त्यानं आज मारलं असतं तर मी रोज उमापूरला आलो असतो."

मी त्यांना तिथं नेलं, हे बरं केलं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही. मला वाटलं होतं त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. ते उतरलंही असेल. पण भांडण होतं तोवर दत्तोबा त्यांचा होता. दोन तालुके पलीकडं कुणीतरी आपल्यावर रागावून बसलंय, एवढा तरी आधार त्यांना होता. तो त्या पडवीत, चहाच्या कपासोबत, फार सभ्यपणे काढून घेतला गेला.

त्यानंतर चाचांनी गाड्या बघणं हळूहळू बंद केलं. कुणी आलं तर दुसऱ्याचं नाव सांगायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, नव्या डिझेल गाड्या त्यांना समजत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर गेलंय. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. एकदा मी गेले तेव्हा मुलीचा फोन आला होता. ती चिडून बोलत होती, इकडं या म्हणत होती, आवाज बाहेरपर्यंत येत होता. चाचा फोन कानापासून लांब धरून ऐकत होते आणि मध्येच "हौ बेटा, हौ," म्हणत होते.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडं गेले. गाडीत माझं सामान ठासून भरलेलं, मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं. चाचा खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा करत होते. मी येणार हे त्यांना माहीत नव्हतं, पातेलं एका माणसाचं होतं. त्यांनी दोन ताटल्या काढल्या, खिचडी अगदी मधोमध वाटली आणि माझ्याकडचा भाग जरा मोठा झाला म्हणून समाधानानं बसले. जेवताना नव्या गावाचं नाव विचारलं, तिथं डोंगर आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर "बरं," म्हणाले.

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी अर्ध्यातच धरलं. "जावा. ऊन व्हतंय."

गल्ली इतकी अरुंद की गाडी वळत नाही, मुख्य रस्त्यापर्यंत रिव्हर्सच घ्यावी लागते. मी गिअर टाकला तोवर ते चपला न घालताच बाहेर आले आणि गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. बाजूच्या आरशात मला ते दिसत होते. दोन्ही हात वर करून, बोटं आपल्याकडं हलवत, माझ्याकडं तोंड करून ते उलटे चालत होते.

"येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं जरा... येऊ द्या."

गल्ली रिकामी होती. सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या घरापासून रस्त्यापर्यंत, गटारीचा दगड, विजेचा खांब, कुणाच्या तरी दारातली मोटरसायकल, एकेक सांभाळत ते मला घेऊन चालले होते. मी एरवी घेते त्याहून कितीतरी हळू घेत होते. त्यांनाही घाई नव्हती.

रस्ता आला. चाचांनी डावीकडं-उजवीकडं पाहिलं, येणाऱ्या ट्रकला हात करून थांबवलं. गाडी रस्त्यावर सरळ झाली.

"बास," ते म्हणाले, आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.